गुत्ता आणि गुत्तेवाला : साष्टीतील एका बांधील धंद्याची हकिगत



दारूवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात दोनच शक्यता येतात. एक तर वक्ता दारूबंदीचा प्रचार करणार, नाही तर पिणाऱ्यांच्या गमती सांगून हशा पिकविणार. आज या दोहोंपैकी काहीच घडणार नाही. पिणाऱ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. सरकारच्या अबकारी उत्पन्नाविषयीही कमी लिहिलेले नाही. मला बोलावयाचे आहे ते गल्ल्यामागे बसलेल्या माणसाविषयी. दुकानाची जागा कोणाची, माल कोणाचा, परवाना कोणाचा, आणि उद्या त्याला तेथून उठविले तर त्याने दाद कोणाकडे मागावयाची, एवढाच आजचा प्रश्न आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील मंडळींना तो परका वाटू नये, कारण त्याचा बराचसा इतिहास आपल्याच साष्टी बेटावर घडलेला आहे.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. मराठीत दारूच्या दुकानाला आपण 'गुत्ता' म्हणतो. पण मोल्सवर्थचा कोश उघडला तर गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका, सरकारी उत्पन्नाची इजारदारी, असा अर्थ सापडतो. कानडीत 'गुत्तिगे' म्हणजे ठेकाच. म्हणजे ज्या शब्दाने आज आपल्यापुढे बाटल्या, बाकडी आणि खारे शेंगदाणे उभे राहतात, तो शब्द मुळात एका कराराचे नाव आहे. दुकानाला 'दारूघर' असे नाव न पडता कराराचेच नाव चिकटले, याला कारण आहे. आपल्याकडे हा धंदा स्वतःच्या हक्काने कोणी केलाच नाही. तो नेहमी वरून कोणीतरी दिलेला, काही काळापुरता दिलेला, आणि मोबदला घेऊन दिलेला असा असे. मुंबईत 'पिठा' हाही शब्द होता. दारूवाला, ताडीवाला, पिठावाला ही पारशी आडनावे या धंद्याची आठवण अजून वागवीत आहेत. पण 'गुत्ता' हा शब्द जेवढे सांगतो तेवढे ती आडनावे सांगत नाहीत.

आता साष्टीची जुनी व्यवस्था पाहू. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. राज्ये अशी बदलली. माड मात्र त्याच जागी उभे होते आणि त्यांवर चढणारा भंडारीही तोच होता.

माडी काढणे हे कष्टाचे आणि कसबाचे काम. माडाची न उमललेली पोय दोरीने आवळावयाची, तिला हलके हलके ठोकावयाचे, टोकाचा पातळ काप घ्यावयाचा आणि खाली मडके बांधावयाचे. दिवसातून दोनदा वर चढावे लागे, कारण काप ताजा राहिला नाही तर रस आटतो. पहाटे उतरविलेला ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की तीच आंबून माडी होते. ताडाच्या रसाची ताडी, आणि शिंदीच्या रसाला शिंदी हेच नाव. हाच रस भट्टीत घातला की दारू. जो माड माडीसाठी लावला त्याला त्या काळात नारळ धरत नाहीत. म्हणून झाडाचा मालक भंडाऱ्याकडून जे भाडे घेई ते बुडालेल्या नारळांचा हिशेब करूनच घेई. माड बहुधा दुसऱ्याचा, वाडी दुसऱ्याची, आणि कोयता तेवढा भंडाऱ्याचा, असा हा संबंध होता. सरकार तिसरे. भंडाऱ्यांच्या या धंद्यावर पोर्तुगीज काळापासून एक कर होता, त्याला 'बांद्रास्ताल' असे नाव पडले होते, आणि मुंबई बेटात इंग्रजांनी तो पुढे मक्त्याने देण्याची वहिवाट ठेवली. झाडाचा धनी, झाडावर चढणारा आणि दोघांकडून वसुली करणारे सरकार हे त्रिकूट येथपासून आपल्या ओळखीचे होते. पुढे पात्रे बदलतील, त्रिकूट बदलणार नाही.

इंग्रजी अमलात साष्टीतील गावेच्या गावे मोठ्या धनिकांना इस्टेटी म्हणून मिळाली. पवई १७९९ साली डॉक्टर हेलेनस स्कॉट यांच्याकडे आणि १८२९ साली फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे गेली. बोरिवली-दहिसरकडील गावे १८३० साली बैरामजी जीजीभाईंना मिळाली. आपल्या विषयाला सर्वांत जवळचे गाव मात्र भांडुप होय. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधले हे गाव १८०३ साली ल्यूक अॅशबर्नर यांच्या हाती आले. हे गृहस्थ मुंबईचे आल्डरमन आणि 'बॉम्बे कुरिअर' पत्राचे संपादक. वर्तमानपत्र चालवून भांडुपला रमची भट्टी चालविणे यात त्यांना काही विसंगती वाटली नसावी! १८१७ साली त्यांनी इस्टेट आपले कारभारी कावसजी माणेकजी यांना विकली, आणि कावसजींनी मालाबरोबर मालकाचे आडनावही घेतले. ते कावसजी माणेकजी अॅशबर्नर झाले. भांडुपची रम सरकारला पुरविली जात असे. येथे जमिनीचा धनी तोच भट्टीचा धनी, आणि गिऱ्हाईक खुद्द सरकार. इंग्लंडातील मोठ्या ब्रूअरीच्या मालकाशी तुलना करावयाची तर साष्टीत त्याच्या जवळचा मनुष्य हाच. पण ही भट्टी गावातल्या पिठ्यांसाठी नव्हती. पिठ्यांची गोष्ट वेगळी होती, आणि तिला खरे वळण लागले ते १८७८ साली.

त्या वर्षी 'मुंबई अबकारी कायदा' झाला. तोवर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळी साष्टीतही, लहानसहान भट्ट्या चालत. मोहाची फुले पंचमहालाकडून रेल्वेने येत. उरणला पारशी धनिकांच्या भट्ट्या होत्या आणि तेथील मोहाची दारू मुंबईच्या बाजारात उतरे. नव्या कायद्यामागे चार्ल्स प्रिचर्ड हा कर्तबगार आणि तितकाच कठोर अधिकारी होता. त्याची योजना थोडक्यात अशी. गावोगावच्या भट्ट्या बंद करावयाच्या. दारू एका ठिकाणी, सरकारी देखरेखीखाली गाळावयाची. तिच्यावर कडकपणाच्या मानाने दर गॅलनला कर घ्यावयाचा. आणि संबंध जिल्ह्याला दारू पुरविण्याचा हक्क एकाच मक्तेदाराला द्यावयाचा. त्या मक्तेदाराने सरकारला वर्षाकाठी ठराविक किमान उत्पन्नाची हमी द्यावयाची. विक्री कमी झाली तर तूट त्याने भरावयाची.

हिशेबाच्या दृष्टीने योजना नामी होती. सरकारला शंभर भट्टीवाल्यांच्या मागे धावण्याऐवजी एका श्रीमंत मक्तेदाराशी व्यवहार करावयाचा होता. पण दुकानदाराच्या जागी उभे राहून ती पाहा. कालपर्यंत तो स्वतः गाळीत होता, किंवा शेजारच्या भट्टीवाल्याशी घासाघीस करून माल घेत होता. आता माल एकाच दारातून यावयाचा. दुसरीकडून घेतला तर तो गुन्हा. मक्तेदार ज्या दराने देईल त्या दराने घ्यावयाचा, आणि विकावयाचा दर सरकारने बांधून दिलेला. या दोन दरांच्या मधल्या चिमटीत त्याची भाकरी. शिवाय दुकान त्याच्याकडे ठेवावयाचे की नाही हेही बहुधा मक्तेदाराच्या मर्जीवर. ब्रिटिश हिंदुस्थानातील अनेक प्रांतांच्या अबकारी कायद्यांत एक ठराविक कलम आढळते: मक्तेदाराला आपला हक्क तुकड्यातुकड्याने दुसऱ्यांना देता येईल, पण ज्याला दिला त्याला कलेक्टरचा परवाना मिळाल्याखेरीज तो बजावता येणार नाही. म्हणजे दुकानदाराला दोन धनी. एकाच्या करारावाचून माल नाही, आणि दुसऱ्याच्या कागदावाचून दुकान नाही.

याच सुमारास इंग्लंडातही 'बांधील' पबांची पद्धत जोरात होती. ब्रूअरी पबची इमारत विकत घेई, ती भाडेकरूला देई, आणि भाडेपट्ट्यात अट घाली की बिअर आमचीच घेतली पाहिजे. एकोणिसावे शतक संपेपर्यंत तेथील बहुतेक पब असे बांधले गेले होते. पण एक फरक ध्यानात घ्या. तेथे बंधन घातले ते खासगी मालकाने, भाडेपट्ट्यातून. इमारत त्याची म्हणून अट त्याची. आपल्याकडे बंधन घातले ते कायद्याने, परवान्यातून. तेथील भाडेकरू निदान पार्लमेंटकडे जाऊन म्हणू शकत होता की हा मालक मला पिळतो आहे, मधे पडा. येथे मधे पडणाराच बंधन घालणारा होता. मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भंडाऱ्याची गत याहून बरी नव्हती. अबकारी खात्याने माडीच्या झाडांवर दर झाडामागे कर बसविला, झाडांवर खुणा केल्या, आणि कर वाढवीत नेला. मोहाच्या दारूचा खप वाढावा म्हणून ताडीमाडी महाग केली जाते, असा आरोप त्या काळी उघडपणे झाला, आणि तो निराधार होता असे मला वाटत नाही. भंडारी समाजाने अर्जांवर अर्ज केले. झाडाचा मालक मात्र मजेत होता. माडीचे भाडे परवडेनासे झाले तर त्याला नारळ होतेच. कर भरून मग भाडे भरावयाचे, आणि उरले तर घरी न्यावयाचे, हे भंडाऱ्याच्या वाट्याला. १८९२ साली मोहाच्या फुलांचा कायदा होऊन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. डोंगरातल्या लोकांच्या पोटात जाणारी फुले आता पोलिसी चौकशीचा विषय झाली.

या सर्वांवर आवाज उठला नाही असे नाही. १८८८ च्या अलाहाबाद काँग्रेसमध्ये अबकारी धोरणाविरुद्ध ठराव झाला. ३० एप्रिल १८८९ रोजी सॅम्युएल स्मिथ यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणावर निषेधाचा ठराव मांडला, आणि सरकारचा विरोध असता तो ११३ विरुद्ध १०३ मतांनी संमत झाला. केन आणि स्मिथ यांच्या खटपटीने मद्यपाननिषेधाची चळवळ दोन्ही देशांत उभी राहिली. तिचे काम मोठे होते, त्याबद्दल मला आदर आहे. पण ही भाषणे पिणाऱ्याच्या बाजूने आणि रयतेच्या नीतीच्या बाजूने होती. सरकार बचावाला उभे राहिले ते महसुलाच्या बाजूने. दुकानदार मक्तेदाराशी बांधला गेला आहे, त्याला तीनचार वर्षांचीही शाश्वती नाही, आणि म्हणूनच तो पाणी घालतो, उधारी चढवितो, रात्री मागचे दार उघडे ठेवतो, हे बोलावयास कोणी उभे राहिले नाही. दुकानदार नीतीच्या दृष्टीने इतका खाली मानला गेला होता की त्याला काही हक्क असू शकतो ही कल्पनाच कोणाला सुचली नाही.

१९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने मात्र या व्यवस्थेतील एक गाठ ओळखली. दारू पुरविणारा आणि दारू विकणारा हे एकाच मुठीत असू नयेत, असे तिचे मत पडले. पुरवठ्याचा ठेका वेगळा आणि दुकानांचे परवाने वेगळे, ही पद्धत त्यानंतर रूढ होत गेली. गाठ सुटली खरी, पण सुटताना तिची जागा लिलावाने घेतली. दुकान दरवर्षी किंवा ठराविक मुदतीने पुकारले जाई, सर्वांत मोठी बोली करणाऱ्याला मिळे. मुदत संपली की पुन्हा पुकार. ज्याने वर्षभर नेमाने, कायदा पाळून दुकान चालविले त्याला पुढच्या वर्षी तेच दुकान मिळेल असा हक्क नव्हता. शेजारचा ईर्षेला पेटला की बोली चढे. चढलेली बोली वसूल करावयाची तर जास्त विकले पाहिजे. आणि जास्त विकले की पुढच्या वर्षीची बोली त्याहून चढे. शेतजमिनीच्या कुळाची जी रड असे तीच ही होती. फरक एवढाच की कुळासाठी कायदे झाले, याच्यासाठी कोणी केले नाहीत.

इंग्लंडात या काळात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. पब फार झाले, कमी केले पाहिजेत, असे तेथेही ठरले. पण १९०४ च्या कायद्याने असे केले की दुकानदाराचा काही दोष नसता केवळ संख्या कमी करण्यासाठी परवाना नाकारला तर भरपाई द्यावी, आणि तिच्यासाठी पैसा धंद्यातूनच वर्गणी घेऊन उभा करावा. भरपाईत मालकाचा वाटा असे, तसा भाडेकरूचाही असे. मद्यपाननिषेधवाल्यांना हा कायदा आवडला नाही, तो भाग वेगळा. आपल्याकडे या कल्पनेची छायाही पडली नाही.

१९२१ पासून अबकारी खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. दुकानांवर निरोधने झाली. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने, अबकारी मंत्री डॉक्टर गिल्डर यांच्या पुढाकाराने, मुंबई शहर आणि उपनगरांत दारूबंदी अमलात आणली. पुढे हायकोर्टात ती अडखळली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून संबंध राज्यात पूर्ण बंदी झाली. हा भाग आपण भराभर ओलांडू, कारण तो सर्वांना ठाऊक आहे.

पण या कायद्याच्या पोटात परवान्याविषयी जी कलमे आहेत ती फार कमी लोक वाचतात. अटी मोडल्या म्हणून परवाना रद्द झाला तर भरपाई नाही आणि फीही परत नाही. दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी सरकारला तो रद्द करता येतो. परवान्यातील हक्क दिवाणी किंवा महसुली कोर्टाच्या हुकमाने विकता येत नाही, जप्तही करता येत नाही. ताडीची झाडे परवान्यावाचून छेदली तर कर प्रथम छेदणाऱ्याकडून, आणि त्याने न दिल्यास जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून किंवा झाडाच्या मालकाकडून. मालकाने मात्र आपल्या संमतीवाचून झाड छेदले गेले असे सिद्ध केले तर तो सुटतो. ते जुने त्रिकूट येथे कायद्याच्या भाषेत उभे आहे! पुढे सुप्रीम कोर्टाने १९५४ साली अजमेरच्या एका खटल्यात सांगितले की दारूच्या व्यापाराचा कोणालाही मूलभूत हक्क नाही. आणि १९७५ साली हरशंकर खटल्यात, पंजाबातील लिलावात चढी बोली करून मागाहून कां कूं करणाऱ्या परवानेवाल्यांना सांगितले की तुम्ही दिलेली रक्कम ही कराची नव्हे, सरकारने आपला खास हक्क तुम्हाला दिला त्याची ती किंमत आहे. सरकार हे या धंद्याचे मूळ मालक आहे, ही गोष्ट याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही. परवाना ही मालमत्ता नव्हे, तो काही काळ राहू दिलेला पाहुणा आहे.

बंदीच्या वर्षांत उपनगरांत काय चालले हे येथील वयस्क मंडळींना ऐकून तरी ठाऊक असेल. खाडीच्या कडेला हातभट्ट्या होत्या, आणि वांद्र्यापासून वरच्या गावठाणांत 'आंटी'चे अड्डे होते. आंटी बहुधा स्वतःच्या दोन खोल्यांत, कित्येकदा भाड्याच्या खोल्यांत, हा धंदा करी. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले होते, पण जागेचा बेकायदा कामासाठी उपयोग केल्याबद्दल शिक्षा झाली तर मालकाला ताबा मागता येई. पोलिसाची धाड म्हणजे दंड आणि त्यावर घर जाण्याची भीती. मालकाला हे अस्त्र वापरावयाचे नसे, कारण गप्प राहण्याचे मोल त्याला मिळत असे, असे जुने लोक सांगत. यातले किती खरे हे कोर्टाच्या दप्तरात सापडणार नाही. गप्प राहण्याच्या करारांची नोंदणी होत नसते.

१९६० नंतर बंदी सैल होत गेली. १९७३ चे देशी दारूचे नियम आले, परमिट रूम आले. 'परमिट रूम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. कायद्याने दारूबंदी अजून उठलेलीच नाही; परमिट असलेल्या माणसाला तेवढी सूट आहे, आणि ती खोली त्या सुटीची खोली आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत स्टेशनाबाहेर दिसणाऱ्या या खोल्यांत आपले जुने त्रिकूट पुन्हा येऊन बसले, आणि या वेळी त्यात भाडेनियंत्रणाचा कायदा शिरला.

त्याची रचना समजून घेतली पाहिजे. इमारतीचा मालक एक असतो. पन्नास वर्षांपूर्वी पागडी देऊन जागा घेतलेला भाडेकरू दुसरा असतो, बहुधा इराणी किंवा दक्षिण कानडी हॉटेलवाला. परवाना त्याच्या नावावर. त्याचे वय होते, मुलगे परदेशी जातात किंवा डॉक्टर होतात, आणि तो हॉटेल 'कंडक्टिंगवर' देतो. चालविणारा तिसरा येतो. तो अनामत रक्कम ठेवतो, महिन्याला ठराविक पैसे देतो, पोरे ठेवतो, माल भरतो, तोटा सोसतो. हा तिसरा मनुष्य म्हणजे इंग्लंडातील पबच्या भाडेकरूचा आपल्याकडील सख्खा भाऊ.

१९७३ साली भाडेनियंत्रण कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक चालू परवानगीच्या, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सच्या, करारावर जागेत होते ते भाडेकरू मानले गेले. हजारो कुटुंबांना एका रात्रीत पायाखाली जमीन मिळाली. पण लायसन्सदार कोण याची व्याख्या करताना काही जणांना वगळले होते. पेइंग गेस्ट वगळला, नोकर वगळला, आणि 'मालकाचा चालू धंदा चालविणारा मनुष्य' वगळला. म्हणजे नेमका आपला कंडक्टर. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला; त्याने पागडीला कायद्याची मान्यता दिली, करार लेखी आणि नोंदलेला असावा अशी अट घातली, पण हे वगळणे तसेच ठेवले. त्यामागचे कारण मी समजू शकतो. चालते हॉटेल काही महिन्यांसाठी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याचे हॉटेल कायमचे जाऊ नये, हे रास्तच आहे. परंतु दहापंधरा वर्षे एकच मनुष्य चालवितो, गिऱ्हाईक त्याने जोडलेले, भिंतींना रंग त्याने दिलेला, आणि अकरा महिन्यांचा कागद दरवर्षी नव्याने होतो, अशा ठिकाणी 'मालकाचा चालू धंदा' या शब्दांना किती अर्थ उरतो?

इंग्लंडने हा प्रश्न दोनदा हाताळला. १९८९ साली मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर हुकूम निघाला की दोन हजारांहून अधिक पब असलेल्या ब्रूअरीने जास्तीच्या पबांपैकी निम्मे बंधनातून मोकळे करावेत. ब्रूअऱ्यांनी पब विकले. ते मोठ्या पब-कंपन्यांनी घेतले. आणि ज्यांची स्वतःची भट्टी नाही अशा कंपन्या तीच बंधने घालू लागल्या. धनी बदलला, दोरी तीच राहिली. पुन्हा ओरड झाली. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी कॉमन्समध्ये सरकारचा २८४ विरुद्ध २६९ असा पराभव होऊन भाडेकरूंच्या बाजूची दुरुस्ती संमत झाली. २०१५ च्या कायद्याखाली झालेली नियमावली २०१६ च्या जुलैत अमलात आली. पाचशे किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपनीच्या भाडेकरूला ठराविक प्रसंगी असे म्हणता येते की मला तुमचा माल नको, बाजारभावाचे भाडे तेवढे घ्या. तंटा झाला तर त्यासाठी खास निवाडा करणारा अधिकारी नेमला आहे. यानेही सर्व भाडेकरू सुखी झाले असे नाही, पण तंटा कोठे न्यावयाचा हे तरी त्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे तंटा जातो तो लघुवाद न्यायालयात, आणि तेथे गेल्यावर वाद पिळवणुकीचा राहत नाही, तो नावाचा होतो. इमारतीचा मालक म्हणतो, भाडेकरूने पोटभाडेकरू घातला, म्हणून दोघेही बाहेर. भाडेकरू म्हणतो, पोटभाडे नव्हे, माझाच धंदा हा चालवितो. चालविणाऱ्याची तर मोठीच पंचाईत. आपण भाडेकरू आहोत असे म्हटले तर मूळ भाडेकरूचा करार मोडतो आणि त्याच्याबरोबर आपणही बाहेर पडतो. आपण नुसते चालक आहोत असे म्हटले तर कायद्याचे संरक्षणच नाही. मग न्यायाधीश कागद पाहतात. दुकानाच्या किल्ल्या रात्री कोणाकडे असतात, विजेचे बिल कोण भरतो, नोकरांचा पगार कोणाच्या वहीत आहे, बँकेचे खाते कोणाच्या नावाचे, नफातोटा कोणाचा. परवाना तर पहिल्याच्या नावावर, कारण तो कलेक्टरच्या परवानगीवाचून दुसऱ्याकडे जात नाही. कधी चालविणारा परवान्यात भागीदार म्हणून दाखल होतो, आणि मग निराळाच वाद सुरू होतो: ही भागीदारी खरी की दाखविण्यापुरती? अशा दाव्यांना वर्षे लागतात. तोवर हॉटेल चालू असते, गिऱ्हाईक येत असते, आणि गल्ल्यावर बसलेला मनुष्य दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकाला कंडक्टिंगचे पैसे पोचवीत असतो आणि मार्च संपण्याच्या आत दुसऱ्याच्या नावाच्या परवान्याची फी भरीत असतो.